एकच वाट, तीन वेग: चालणारे, धावणारे आणि सायकलवाले यांचे नेहमीचे प्रश्न

मी रोज सकाळी चालतो, आठवड्यातून दोनदा धावतो आणि कामाला सायकलने जातो. त्यामुळे एकाच वाटेवर तिन्ही बाजूंची बोलणी खाऊन झाली आहेत. मनातल्या मनात तिन्ही बाजूंनी दिलीही आहेत. गंमत म्हणजे सायकलवर बसलं की चालणारे बेशिस्त वाटतात आणि उतरून दहा पावलं टाकली की सायकलवाले माजलेले वाटतात. खालचे प्रश्न लोकांनी मला विचारलेले आहेत, काही मीच स्वतःला विचारलेले.

वाट नेमकी कोणाची? आधी हक्क कोणाचा?

आधी पाटी बघा. युरोपातल्या बऱ्याच देशांत निळ्या गोल पाटीवर माणूस आणि सायकल अशी दोन्ही चित्रं असतात. दोन्हींच्या मध्ये आडवी रेघ असेल तर वाट सामायिक. उभी रेघ असेल तर अर्धी वाट चालणाऱ्यांची, अर्धी सायकलींची. हा एका रेघेचा फरक कित्येकांच्या लक्षातच येत नाही.

नुसत्या फुटपाथचे नियम मात्र देशागणिक बदलतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटपाथवर सायकल चालवायला बंदी आहे आणि ती ज्या कायद्यातून येते तो १८३५ चा. तेव्हा पायडलची सायकल रस्त्यावर आलेलीही नव्हती. बंदी गाड्यांना होती आणि १८८८ च्या एका कायद्याने सायकल ही ‘गाडी’ ठरली. जर्मनीत उलट, ८ वर्षांपर्यंतच्या मुलांनी रस्त्यावर यायचंच नाही. त्यांनी फुटपाथवरून किंवा वेगळ्या बांधलेल्या सायकल ट्रॅकवरून जायचं. १० वर्षांपर्यंत फुटपाथची मुभा असते. जपानमध्ये सायकल हे वाहन, तिची जागा रस्त्यावर. पण १३ वर्षांखालच्या मुलांना आणि सत्तरी गाठलेल्यांना फुटपाथवर चालवता येते, तीही सावकाश.

म्हणजे ‘जगात सगळीकडे असंच असतं’ म्हणून भांडणाऱ्याकडे दुर्लक्ष केलेलं बरं. आपण जिथे आहोत तिथला नियम माहीत करून घ्यायचा. नियम गप्प असेल तिथे मी एकच हिशोब धरतो: ज्याच्या धडकेने दुसऱ्याला जास्त लागेल, त्याने जास्त सांभाळायचं. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत २०२२ मध्ये हेच तत्त्व लिहून घातलं गेलं. ट्रकने मोटारीला जपायचं, मोटारीने सायकलला, सायकलने चालणाऱ्याला. अर्थात चालणाऱ्याने डोळे मिटून चालावं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

मी काही सुसाट जात नाही, ताशी १८ किलोमीटर. एवढ्याने काय होतं?

सायकलवर बसलेल्याला १८ म्हणजे रमतगमत वाटतं. आता हिशोब करू. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. समोर काही आडवं आलंय हे कळून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे ५ मीटर आपण काहीही न करता गेलो. पुढे ब्रेक चांगले आणि वाट कोरडी असेल तर थांबायला साधारण साडेतीन-चार मीटर. एकूण नऊ मीटरच्या आसपास. ताशी २५ असेल तर हेच अंतर १४ मीटरवर जातं आणि ताशी १० असेल तर ४ मीटरवर येतं. वाट ओली असली की यात भर. रिमवर घासणारे ब्रेक पावसात आधी पाणी पुसतात, मग धरतात.

दुसरी गोष्ट धडकेची. वेग दुप्पट झाला की धडकेतला जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी १० ने लागलेला धक्का ‘अहो बघून चालवा’ वर मिटतो. ताशी २० ने लागला तर सत्तरीच्या माणसाचं खुब्याचं हाड मोडू शकतं, आणि त्या वयात ते दुखणं फार लांबतं.

चालणारा सेकंदाला जेमतेम १.४ मीटर जातो. त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याच्या साडेतीन पट वेगाने मागून येताय, आणि त्याच्या पाठीला डोळे नाहीत.

बेल कधी वाजवायची आणि किती?

लवकर आणि एकदा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच, माझंही चुकलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या वाटेवर पुढे एक काका चालले होते. हातात कापडी पिशवी, चाल शांत, वाटेची डावी कड धरलेली. उजवीकडे भरपूर जागा होती, म्हणून मी बेल वाजवलीच नाही. अगदी जवळ, दोन मीटरवर गेल्यावर वाटलं, सांगावं आपलं. वाजवली. काका दचकले आणि नेमके उजवीकडे उडाले, माझ्या हँडलवर. पिशवीतली औषधांची पाकिटं वाटभर पसरली, माझं कोपर सोललं आणि चेन उतरली. ते पन्नास वेळा ‘माझंच चुकलं’ म्हणत राहिले. त्यांचं काडीचंही चुकलं नव्हतं. दचकलेला माणूस कुठल्या बाजूला उडेल हे त्यालाही ठाऊक नसतं. शेवटी माझी चेन बसवायला त्यांनीच मदत केली, बोटं काळी करून घेतली.

तेव्हापासून मी पंधरा-वीस मीटर आधी एकदा टिंग करतो. मागून जाताना त्यातून चालणाऱ्याला चार-पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात तो ऐकतो, मान वळवतो, मुलाचा हात धरतो किंवा नुसता मनाशी ‘हं, सायकल येतेय’ म्हणतो. मग मी वेग कमी करतो आणि हातभर अंतर ठेवून जातो. बेलचा अर्थ ‘मी येतोय’ एवढाच आहे, ‘बाजूला व्हा’ असा नाही. पुन्हा पुन्हा खणखण वाजवली की तो दुसरा अर्थ निघतो आणि माणूस मुद्दाम हटत नाही. मीही नसतो हटलो.

बेल वाजवूनही समोरच्याने काहीच हालचाल केली नाही, तर त्याला ऐकू येत नसेल असं धरून चाला. तो मुद्दाम करतोय असं धरू नका.

बेलऐवजी तोंडाने सांगितलं तर?

उत्तम, आवाज साधा ठेवा. मात्र ‘डावीकडून येतोय’ असं सांगू नका. ऐकणाऱ्याच्या कानावर पहिला शब्द पडतो ‘डावी’, आणि तो इमानदारीत डावीकडे सरकतो, म्हणजे तुमच्या पुढ्यात. ‘मागून सायकल येतेय हं’ पुरतं. धावणाऱ्यांनीही हेच करावं. धावणाऱ्याला वाटतं आपली पावलं वाजतात, पण मऊ तळव्याच्या बुटांचा आवाज चालणाऱ्याच्या कानी येतो तेव्हा धापा टाकणारं कुणीतरी अगदी खांद्याशी असतं. संध्याकाळी एकट्या चालणाऱ्या बाईच्या काळजाचा ठोका चुकायला तेवढं पुष्कळ आहे. अशा वेळी दोन पावलं जास्त गेली तरी चालतील, लांबून वळसा घालावा.

मी फक्त चालतो. सगळी काळजी वेगवाल्यांनी घ्यायची ना?

मोठा वाटा त्यांचाच. चालणाऱ्याकडे एकच मागणं असतं: सरळ चाला. हळू चाला, रमत चाला, पण रेघ सोडू नका. मागून येणारा तुमची रेघ बघून आपली वाट ठरवत असतो. मध्येच फूल बघायला तिरकं गेलात, फोन वाजला म्हणून जागच्या जागी खिळलात किंवा काही विसरलं म्हणून गर्रकन माघारी फिरलात, तर त्याचा हिशोब कोलमडतो. थांबायचं असेल तर आधी कडेला व्हा, मग थांबा. वळायचं असेल तर आधी खांद्यावरून मागे एक नजर. एवढंच.

मागून बेल ऐकू आली तर घाईने उडी मारू नका. आहात तिथे, आहात तसे चालत राहिलात तर जास्त सुरक्षित. बाजूला व्हायचं असेल तर आधी बघा, मग व्हा.

आम्ही चार मैत्रिणी बोलत चालतो. एकामागे एक चालायचं म्हणजे काय शाळेची रांग आहे का?

नाही, गप्पांसाठीच तर चालायला जायचं असतं. वाट रुंद आणि मोकळी असेल तर चौघी शेजारी चाला. अरुंद असेल तर दोन-दोन. समोरून किंवा मागून कुणी आलं की दोघींनी मागे सरायचं, ते गेलं की पुन्हा पुढे. खरा त्रास अर्ध्या सरकण्याचा असतो. दोघी डावीकडे, दोघी उजवीकडे आणि मधली फट सायकलीला मोकळी. हे सौजन्य वाटतं, पण दोन्हीकडून माणसं असलेल्या फटीतून जायला सायकलवाल्याला सगळ्यात जास्त भीती वाटते. पळताना सायकल सरळ रेघेत जात नाही, थोडी डोलते, म्हणून तिला मीटरभर जागा लागते. सगळ्या एकाच बाजूला व्हा.

हाच नियम शेजारी-शेजारी सायकल चालवत गप्पा मारणाऱ्यांना आणि गटाने धावणाऱ्यांना. धावणाऱ्यांचे गट तर फार बिलंदर. दहा जण एका लयीत आले की समोरचा एकटा माणूस आपोआप गवतात उतरतो, आणि गटाला वाटतं वाट मोकळीच होती.

कानात इयरफोन चालतील का?

एका कानात, हळू आवाजात. दोन्ही कान बंद करून सायकल चालवणं मला तरी वेडेपणा वाटतो. चालताना ठीक आहे, पण मग मागच्याची बेल ऐकू आली नाही म्हणून त्याच्यावर ओरडायचं नाही.

धावताना मध्येच चालणारे आले की लय तुटते. काय करू?

तुटू द्या. आणि जोरात धावायचा दिवस असेल तर वेळ किंवा जागा बदला. ज्या वाटेवर लोक पोराबाळांना घेऊन फिरतात तिथे घड्याळाशी शर्यत लावायची, आणि प्रत्येक माणसामागे दोन सेकंद गेले म्हणून चिडायचं, यात चूक माणसांची नाही. हेच सायकलवर वेळ मोजणाऱ्यांना. त्यांची जागा रस्त्यावर किंवा वेगळ्या ट्रॅकवर.

थुंकायचं असेल तर आधी मागे बघा. हे लिहावं लागतंय, कारण एकदा माझ्या नडगीवर आलेलं आहे.

हळू चालवली की सायकल डुगडुगते. मग गर्दीत कसं जायचं?

खरं आहे. सायकल वेगामुळे तोल धरते, चालण्याच्या वेगावर आली की हँडल सतत इकडेतिकडे करावं लागतं. मागचा ब्रेक किंचित धरून हलकं पायडल मारलं तर बराच फरक पडतो, नजर चाकावर न ठेवता लांब ठेवली तर अजून. तरीही जमत नसेल, तर उतरा. उतरून सायकल हातात धरली की तुम्ही चालणारे झालात. गर्दीचा पट्टा सहसा पन्नास-शंभर मीटरचा असतो. तो चालत पार करायला मिनिटभर लागतं.

माझं कुत्रं बांधलेलं असतं, तरी लोक का बिचकतात?

बहुतेक दोरीमुळे. कुत्रं एका कडेला हुंगतंय, मालक दुसऱ्या कडेला फोनवर आणि मध्ये गुडघ्याच्या उंचीवर दोरी ताणलेली. लांब-आखूड होणाऱ्या पट्ट्यांची दोरी तर इतकी बारीक असते की संधिप्रकाशात दिसतच नाही. धावणाऱ्याच्या पायात ती अडकली की तो तोंडावर पडतो आणि कुत्र्याच्या मानेलाही हिसका बसतो. सामायिक वाटेवर दोरी आखूड धरा आणि कुत्रं व तुम्ही एकाच बाजूला राहा. धावणाऱ्यांनी, सायकलवाल्यांनी कुत्र्याच्या अगदी जवळून मागून झपकन जाऊ नये. पळणारी वस्तू दिसली की त्याच्या अंगातलं काहीतरी जागं होतं. ते त्याच्या मालकालाही आवरत नाही.

लहान मुलं कशीही धावतात. त्यांचं काय?

मुलं कशीही धावणारच, म्हणून मूल दिसलं की पायडल थांबवायचं आणि बोटं ब्रेकवर ठेवायची. चेंडू दिसला तर मूल मागे आहेच असं समजायचं. पालकांनी मुलाला कडेच्या बाजूला घ्यावं, वाटेच्या बाजूला स्वतः राहावं. आणि ‘अरे सायकल आली, इकडे ये!’ असं वाटेच्या दुसऱ्या कडेवरून ओरडू नये. मूल आज्ञाधारक असेल तर ते नेमकं सायकलीच्या पुढून पळत येतं. ‘तिथेच थांब’ म्हणा.

फुटपाथवरच्या त्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा कशासाठी असतात? सायकल लावायला जागा म्हणून वापरल्या तर?

अजिबात नाही. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी या फरशा अंध लोकांसाठी बनवल्या. १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळ त्या पहिल्यांदा बसवल्या आणि तिथून जगभर गेल्या. लांब रेघा म्हणजे ‘पुढे चला’, गोल उंचवटे म्हणजे ‘सावध, पुढे कड, जिना किंवा रस्ता आहे’. पायाला आणि काठीला कळणारी ही लिपी आहे.

मी एकदा एका बाईंना अशा पट्ट्यावरून काठी टेकत येताना बघितलं. पट्ट्यावर कुणीतरी सायकल आडवी लावून ठेवली होती. काठी दोन चाकांच्या मधल्या पोकळीतून अलगद पलीकडे गेली, तिला काही लागलंच नाही. पुढच्या पावलाला हँडलचं टोक बाईंच्या बरगडीत बसलं. काठी जमिनीलगतचं सांगते, कमरेच्या वरचं नाही. सायकल लावणाऱ्याने ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणूनच लावली असणार.

व्हीलचेअर आणि बाबागाडी यांचंही असंच. व्हीलचेअरला सरळ जायला ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. आपण खांबाला टेकवलेल्या सायकलीने ती ७० वर आली, तर त्या माणसाला मागे फिरून उतार शोधावा लागतो आणि रस्त्यावर उतरावं लागतं.

फुटपाथच नसेल तर कुठल्या बाजूने चालायचं?

चालणाऱ्यांनी आणि धावणाऱ्यांनी समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने. म्हणजे वाहनं डावीकडून चालत असतील तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातही अशीच दिशा धरलेली आहे. येणारं दिसलं तर बाजूला होता येतं, पाठीमागचं दिसत नाही. एक अपवाद: आंधळं वळण. तिथे आतल्या कडेला असाल तर चालकाला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता, म्हणून वळणापुरतं बाहेरच्या कडेला जा, आणि ओलांडायचं ते वळणाच्या बरंच आधी.

सायकलने मात्र वाहनांच्या दिशेनेच जायचं. ‘मलाही समोरचं दिसायला हवं’ हे सायकलला लागू होत नाही, कारण दोन्ही वेगांची बेरीज होते आणि वळणाऱ्या चालकाची नजर त्या बाजूला नसते. फुटपाथवरून जोरात जाणाऱ्या सायकलींनाही हाच धोका. फाटकातून गाडी बाहेर काढणारा चालण्याच्या वेगाचं माणूस अपेक्षित धरतो, त्याच्या चौपट वेगाची सायकल नाही.

रात्री किती प्रखर दिवा लावावा?

वाटेवर पडेल एवढा, समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही एवढा. दिवा खाली झुकवा. अंधाऱ्या वाटेवर लुकलुकणारा पुढचा दिवा तर बंदच ठेवा. त्याने समोरच्याला तुमचं अंतर कळत नाही आणि काही क्षण पायाखालचंही दिसत नाही. डोक्याला दिवा बांधून धावणाऱ्यांनी माणूस दिसला की मान जराशी खाली घालावी. चालणाऱ्यांनी काहीतरी फिकट रंगाचं घालावं. काळे कपडे आणि काळं कुत्रं ही जोडी मला दर हिवाळ्यात एकदा तरी घाबरवते.

इलेक्ट्रिक सायकल याच वाटेवर चालेल?

पाटी आणि तिथला नियम बघा. युरोपीय संघात २५० वॅटपर्यंतची, पायडल मारल्यावरच मदत करणारी आणि ताशी २५ ला मदत बंद होणारी सायकल साधी सायकल मानली जाते. पण मानली गेली तरी ती वजनाने वीस-पंचवीस किलोची असते, आणि चढावरही दमत नाही. चढावर मागून वीसने येणाऱ्या सायकलीची कुणाला सवय नसते.

हे भांडण आताच वाढलंय का?

छे. कार्ल ड्राईस यांनी १८१७ मध्ये बिनपायडलची, पायाने ढकलायची दुचाकी काढली. रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी चर पडलेले, म्हणून हौशी मंडळी ती घेऊन गुळगुळीत फुटपाथवर आली. चालणाऱ्यांनी कावकाव केली आणि काही वर्षांतच युरोप-अमेरिकेतल्या अनेक शहरांत, अगदी कलकत्त्यातही, तिच्यावर बंदी आली. रस्ता खराब असला की चाक फुटपाथवर चढतं. आजही फुटपाथवर चढलेल्या सायकलवाल्याला विचारा, तो बाजूच्या रस्त्याकडेच बोट दाखवेल. त्यात तथ्यही असतं. पण रस्त्याचा राग काढायची जागा चालणाऱ्याची पाठ नव्हे.

धडक झालीच तर?

दोष कोणाचा ते नंतर. आधी वाटेतून बाजूला व्हा, नाहीतर तिसरा येऊन आदळतो. डोक्याला मार असेल, माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल किंवा पाय टेकवत नसेल तर उभं करायची घाई करू नका, मदत बोलवा. ‘काही नाही, काही नाही’ म्हणून म्हातारी माणसं लगेच उठतात आणि दुखणं घरी गेल्यावर कळतं. म्हणून नंबर द्या आणि संध्याकाळी एक फोन करा.

कुणी वाट दिली तर आभार मानायला थांबावं का?

थांबू नका, मागचा येऊन धडकेल. मान हलवा किंवा जाताजाता ‘थँक्यू’ म्हणा. हँडलवरून हात उचलायची गरज नाही, एक बोट वर केलं तरी कळतं. ते औषधांच्या पिशवीवाले काका अजून त्याच वाटेवर भेटतात. मी लांबून टिंग केलं की मागे न बघता ते पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतात आणि मोकळा डावा हात वर करतात.